शमशुद्दीन मास्तरांचा कान

शमशुद्दीन मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. त्यांची स्वतःची शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. पण बुधवार पेठेत ज्या बोळात वायरी, बल्ब आणि रिमोट भाजीसारखे मांडून विकतात, तिथं ज्याच्या हाताखालून चार माणसं शिकून गेली त्याला मास्तर म्हणायची रीत आहे. मास्तरांचं दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांनी पोट आत घ्यावं. गेल्या दहा वर्षांत गिऱ्हाइकंच कमी झाली, त्यामुळे पोटाची अडचण राहिली नाही.

आधी रेडिओ गेले. मग टेप गेले. टीव्ही पातळ होऊन भिंतीला चिकटले आणि बिघडले की टाकून द्यायच्या लायकीचे झाले. शेवटी मास्तरांकडे एकच काम उरलं, ते म्हणजे जुने, जड, लाकडी स्पीकर. कोथरूडचे, सहकारनगरचे, कुठले कुठले शौकीन लोक तीस तीस वर्षांपूर्वीच्या जोड्या गाडीत घालून आणायचे आणि म्हणायचे, "मास्तर, पूर्वीसारखं वाजत नाही हो." मास्तर खोक्यावर बोटानं टकटक करायचे, डॉक्टर पोरांच्या पोटावर करतात तसं, आणि म्हणायचे, "पूर्वीसारखे आपण तरी कुठं वाजतो? ठेवून जा."

त्यांच्या बायकोला, अख्तरबानूला, या खोक्यांतलं जे काही कळत होतं ते पिठाच्या चाळणीवरून. लग्न नवं होतं तेव्हा मास्तरांनी तिच्या हातातली चाळण काढून घेऊन समजावलं होतं. स्पीकरच्या पोटात एक पट्टी असते, तिच्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कंडेन्सर बसवलेले. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. तिचं काम चाळायचं. जाड आवाज खालच्या मोठ्या स्पीकरला द्यायचा, बारीक आवाज वरच्या छोट्याला. वीस-पंचवीस वर्षांत कंडेन्सर आतून सुकतात, चाळणीची भोकं बुजतात, आणि गाणं घोंगडी पांघरून बसल्यासारखं होतं. मास्तर ते जुनं काढून नवं, चांगल्यातलं बसवायचे.

"मग झालं काम?" तिनं विचारलं होतं.

"तिथं तर सुरू होतं," मास्तर म्हणाले होते.

कारण नव्या कंडेन्सरातून बारीक आवाज जुन्यापेक्षा जास्त येतो. तसाच सोडला तर टोचतो. म्हणून छोट्या स्पीकरच्या वाटेत खडूच्या तुकड्याएवढा एक पांढरा रेझिस्टन्स घालून त्याला आवरायचं. किती आवरायचं ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. एक तुकडा लावायचा, ऐकायचं. काढायचा, दुसरा लावायचा, पुन्हा ऐकायचं. "मीटर सुटे भाग मोजतं," मास्तर म्हणायचे, "गाणं मोजायला अल्लानं हे दोन दिलेत," आणि स्वतःच्या कानाच्या पाळ्या ओढून दाखवायचे.

त्या दोन पाळ्यांवर भवानी पेठेतलं घर चाललं, लेकीचं, आलिमाचं, लग्न झालं, अख्तरबानूचे गुडघे दोनदा दवाखान्यात जाऊन आले. आणि मास्तरांना त्यांचा गर्वही तेवढाच. शेजारच्या दुकानातला चेतन मोबाईलवर आवाजाच्या रेघा काढून दाखवायचा, तर मास्तर म्हणायचे, "छान आहेत. शाळेत असतास तर चित्रकलेत पहिला आला असतास."

शेवटचं ऐकणं दुकानात कधी व्हायचं नाही. शुक्रवारची नमाज झाली, जेवण झालं, की बाहेरच्या खोलीत जोडी मांडायची. मागची फळी उघडी, वायरी बाहेर, टोकाला क्लिपा. मास्तर जमिनीवर मांडी घालून तुकडे बदलायचे आणि अख्तरबानू भिंतीला टेकून लसूण सोलायची. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. तिचं लक्ष लसणाकडे, त्यांचं गाण्याकडे.

मग दोन वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी मास्तर खिडकीत चहा घेत बसले होते. म्हणाले, "बानू, रातकिडे गेले बघ पुण्यातून. एवढ्या बिल्डिंगी झाल्या, जातील नाही तर काय करतील."

खिडकीखाली पन्हळीशी रातकिडे एवढे किरकिरत होते, की अख्तरबानूला मास्तरांचं बोलणं नीट ऐकू येईना.

"हो ना," ती म्हणाली. "गेले बिचारे."

असं का म्हणाली ते तिचं तिलाही त्या घडीला कळलं नाही. पण त्या दिवसापासून ती बघायला लागली. ताप मोजायची नळी काखेत ठेवली की ती वाजते, ते मास्तरांना ऐकू येईना, ते बसून राहायचे काखेत हात दाबून. बोललेलं सगळं कळायचं, दारावरची थाप कळायची, रिक्षा कळायची. जाड सगळं शाबूत होतं. गेलं होतं ते वरचं, बारीक. तरुणपणी दहा-बारा वर्षं त्यांनी मंडळांचे कर्णे दुरुस्त केले होते, त्यांच्या तोंडासमोर उभं राहून, हॅलो हॅलो करत. त्याचं व्याज आता फिटत होतं.

एकदा ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "अजी, माझे कान दाखवायचेत डॉक्टरला. तुम्हीही दाखवून घ्या बरोबर."

"मी?" मास्तर हसले. "डॉक्टरचं मशीन बिघडलं की तोच येईल माझ्याकडे."

पुढं बोलायची तिची हिंमत झाली नाही. डोळे गेले तर चष्मा आहे, दात गेले तर कवळी आहे. पण मास्तरांचा कान गेला असं मास्तरांना कळलं, तर मागं राहील तो माणूस कोण असेल, याची तिला भीती वाटायची. दुकान अरुंद, धंदा अरुंद, आणि बाकी तर काहीच नव्हतं त्यांच्याकडे.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मास्तरांनी एक जोडी लावली आणि गाणारी बाई जणू कानात सुई घालून गायला लागली. मास्तर मान डोलवत होते. अख्तरबानूनं लसूण खाली ठेवला आणि कपाळ दाबून धरलं. "या अल्ला, डोकं फार दुखतंय हो आज."

मास्तरांनी तुकडा बदलला. तिनं कपाळ सोडलं नाही. अजून एक बदलला. मग तिचा हात खाली आला तसे मास्तर म्हणाले, "हा बरोबर आहे. मला आधीच वाटत होतं."

तेव्हापासून दर शुक्रवारी अख्तरबानूचं डोकं दुखायला लागलं. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, "मास्तर, काय मऊ झालाय हो आवाज!" मास्तर कानाची पाळी ओढायचे. ती आत जाऊन चहा टाकायची. दोन वर्षांत एकही जोडी परत आली नाही.

मग या वर्षी आलिमाला मुलगी झाली, मिसबा. आलिमा कोंढव्याला. सासू नाही, नवऱ्याची नोकरी शिफ्टची. अख्तरबानू चाळीस दिवस लेकीकडे राहिली. जाताना तिनं मास्तरांना दहा वेळा सांगितलं की मी येईपर्यंत नवं काम घरी काढू नका, एकट्यानं जेवायची आबाळ, त्यात ती खोकी कशाला. मास्तर हो हो म्हणाले. पुरुषमाणसाचं हो ते.

ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर अंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. हडपसरहून रणजित बोलत होता. त्याचे वडील सोनबा, मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची शेती पुढं कंपन्यांच्या इमारतींखाली गेली, पण त्याच्या कितीतरी आधी, उसाचे दिवस असताना, सोनबांनी ही मोठी जोडी घेतली होती. गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी त्यावर सकाळ-संध्याकाळ लागायच्या. त्या जोडीचे क्रॉसओव्हर मास्तरांनी या चाळीस दिवसांत एकट्यानं नव्यानं केले होते आणि पोचतेही केले होते.

"काकू, मास्तरांना कसं सांगू कळेना," रणजित म्हणाला. "टाळ वाजले की घरात कुणी थांबत नाही. माझी मुलगी, संस्कृती, तर कानात बोटं घालून अभ्यास करते. आणि आबा म्हणतात, लई झ्याक! परवा मास्तर आले होते ऐकायला. दोघं समोर बसून माना डोलवतायत आणि आम्ही सगळे बाहेर ओट्यावर."

सोनबांचा सगळा जन्म टाळ कुटण्यात गेलेला. त्यांचा कान कशानं गेला ते वेगळं सांगायला नको. दोन बहिरे एकमेकांची पाठ थोपटत बसले होते, आणि त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

अख्तरबानूला हसू आलं, पण तिनं आधी न्हाणीघराचं दार लावलेलं आहे ना ते बघितलं. "रणजित, बेटा, तू असं कर. शुक्रवारी दुपारी घरी घेऊन ये. दुकानात नको. घरीच आण. आणि काय झालं ते मास्तरांना सांगू नकोस, म्हण, एकदा परत ऐकून घ्या."

तिनं मनात सगळं बसवलं होतं. शुक्रवार, लसूण, कपाळ. पण रणजितला बुधवारीच कुणाचा तरी टेम्पो रिकामा मिळाला. आबा बहिणीकडे गेलेले, त्यांच्या नकळत खोकी हलवायला तोच दिवस बरा. तो सरळ बुधवार पेठेत आला. आणि एकटा आला नाही, आई तुळजाबाईलाही घेऊन आला.

अख्तरबानू डबा घेऊन पोचली तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. आजूबाजूची शटरं खाली, बोळ शांत. मास्तरांच्या दुकानात फळीवर एक खोकं पाठ उघडी टाकून बसलेलं, तुळजाबाई स्टुलावर, रणजित पायरीवर, आणि मास्तरांचा चेहरा उतरलेला.

"टोचतंय म्हणतात," मास्तर तिला म्हणाले. "माझं काम टोचतंय."

"मास्तर, राग नका धरू," तुळजाबाई म्हणाल्या. "आमचं येडं हाय, त्येला कायबी ग्वाड लागतंय. पर टाळ वाजला की माझ्या दाढंत कळ जातीय बघा."

"कंडेन्सर खराब निघाले असतील," रणजित घाईनं म्हणाला. "आजकाल मालच डुप्लिकेट येतो."

"माल चोख आहे, मोजून घातलाय," मास्तर म्हणाले. "थांबा. आत्ता सोक्षमोक्ष लावू." त्यांनी डबीतून पांढरे तुकडे काढून ओळीनं मांडले. कॅसेट लावली. म्हातारे गळे, पखवाज, आणि त्यावर टाळ.

अख्तरबानू पायरीपाशी उभी होती. टाळ पहिल्यांदा वाजला आणि तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला. पण मास्तरांची पाठ होती तिच्याकडे.

"हा?" मास्तरांनी एक तुकडा लावला.

"टोचतंय," तुळजाबाई.

"आता हा?"

"कमी हाय. पर टोचतंय."

मास्तर थांबले. त्यांनी पहिला तुकडा परत लावला. मग दुसरा. परत पहिला. कॅसेट मागं घेतली, तीच ओळ पुन्हा लावली. कान स्पीकरला जवळजवळ चिकटवला. मग सगळ्यांत मोठा तुकडा लावला, जो लावला की गाणं पार झोपतं असं ते शिकाऊ पोरांना ओरडून सांगत आले होते. तो काढला आणि नुसती तार जोडली. तुळजाबाईंनी दोन्ही कानांवर पदर दाबला. "आई गं! मास्तर, बंद करा!"

मास्तरांनी बंद केलं नाही. ते तुळजाबाईंच्या पदराकडे बघत राहिले. मग रणजितकडे, त्याचे डोळे बारीक झालेले. मग त्यांनी मान वळवली. अख्तरबानूनं कपाळ दाबून धरलं होतं.

त्यांनी सावकाश बटण बंद केलं.

"मला सगळे एकसारखे ऐकू येतायत," मास्तर म्हणाले. कुणाला सांगितल्यासारखं नव्हे. जसं एखादा खिसा चाचपून म्हणतो, इथंच ठेवलं होतं. "बानू, तुला फरक कळतो?"

नाही म्हणायचं ठरवलं असतं तर म्हणता आलं असतं. दोन वर्षांची सवय होती. पण समोर तुळजाबाई होत्या, रणजित होता, आणि मास्तर तिच्या तोंडाकडे असे बघत होते की जणू तिथंच उत्तर लिहिलंय.

"कळतो," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"रातकिडे गेले म्हणालात ना, तेव्हापासून."

मास्तर जरा वेळ हिशेब लावत राहिले. मग हसले, पण ते हसू तिला बघवलं नाही. "म्हणजे दोन वर्षं तुझं डोकं दुखत नव्हतं."

"नाही."

"म्हणजे दोन वर्षं मी तुझ्या कपाळावर स्पीकर बनवत होतो."

रणजित उठला. "काका, अहो, वयानं होतं सगळ्यांना. आता कानातलं मशीन काय मस्त मिळतं! एवढंसं. दिसतसुद्धा नाही."

"मिळत असेल. पण त्या मशीनचा आवाज कुणीतरी ठरवला असेल ना, किती बारीक सोडायचा? त्याचा कान कसा होता, ते कुठं लिहिलेलं असतं?" एवढं बोलून मास्तरांनी विषय मिटवला. स्टूल ओढलं, खोक्याच्या समोर ठेवलं. "बस बानू. आता लपूनछपून नको. सांग."

त्या दुपारी दोन्ही खोकी तिच्या कानानं लागली. मास्तर तुकडा लावायचे, ती सांगायची: अजून, अजून थोडं, हा. मध्ये एकदा तुळजाबाई म्हणाल्या, "आक्षी आमच्या देवळात बसल्यावानी वाटतंय." मास्तरांनी तो तुकडा पक्का जोडला. कथलाचा डाग जसा नेहमी बसायचा तसाच गोल, चकचकीत बसला. हात अजून होते. जाताना रणजित त्यांच्या पाया पडला, तर ते म्हणाले, "इकडं नको. तिकडं पड," आणि अख्तरबानूकडे बोट दाखवलं. त्यात कौतुक होतं का बोचरेपणा, तिला ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात गेले नाहीत. दुपारी जेवायला बसले. तिनं त्यांच्या आवडीची मेथीची भाजी केली होती. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "औंधच्या डॉक्टरांची जोडी?"

तिला कळायला थोडा वेळ लागला. "दुखलं होतं," ती म्हणाली.

"सहकारनगरच्या बाईंची? त्या पेढे घेऊन आल्या होत्या."

"दुखलं होतं."

"ते नारायण पेठेतले सतारवाले?"

"अजी, जेवा ना. आपण दोघं मिळून करू की काम. मी रोज येईन दुकानात, डबा घेऊन. तुमचे हात, माझा कान. कुणाला काय करायचंय?"

"आणि पाटीवर काय लिहू? अख्तरबानू आणि मंडळी?" ते म्हणाले, आणि क्षणभर तिला वाटलं, आले ताळ्यावर. पण त्यांनी ताट थोडं बाजूला सरकवलं. "लोक माझा कान विश्वासानं विकत घ्यायचे, बानू. नसलेला माल विकला मी. तू विकायला लावलास."

तिनं ताट पुन्हा त्यांच्यापुढं ओढलं.

त्यांनी विचारलं, "आणि ते कॅम्पातले पारशीबाबा?"

ही जोडी तिला चांगली आठवत होती. गेल्या हिवाळ्यातली. पारशीबाबांची बायको वारलेली, ती पियानो वाजवायची, तिची एक कॅसेट होती. त्या शुक्रवारी काम झाल्यावर मास्तर स्वतःच कॅसेट संपेपर्यंत जमिनीवर बसून राहिले होते, आणि उठताना म्हणाले होते, एवढं चांगलं काम माझ्या हातून आयुष्यात झालं नाही. पारशीबाबा न्यायला आले तेव्हा ऐकता ऐकता रडले होते. त्या दिवशी अख्तरबानूनं तीनदा कपाळ धरलं होतं.

मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. भाजीतला लसूण बोटानं बाजूला काढत होते.

"त्या दिवशी मी आत पडून होते," ती म्हणाली. "गुडघा धरला होता ना. ऐकलंच नाही मी. ते तुमचं."

"माझं?"

"तुमचंच."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला म्हणून हलवली, का पुढं विचारायचं नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. उरलेली भाकरी त्यांनी सगळी खाल्ली, पाणी प्यायले, हात धुतले आणि खुंटीवरची टोपी घेतली.

"कुठं निघालात उन्हाचं?"

"दुकानात दोन जोड्या पडल्यात लोकांच्या. फोन करून सांगतो, घेऊन जा म्हणून. कारणही सांगतो."

"मी येते बरोबर."

"नको," मास्तर म्हणाले. "एवढं सांगायला कान लागत नाही."

ते जिना उतरायला लागले. तिला वाटलं, अजून हाक मारावी आणि पारशीबाबांचं खरं काय ते सांगून टाकावं, म्हणजे निदान यापुढं तरी दोघांत काही खोटं राहणार नाही. तिनं दाराची चौकट धरली. खाली सोनारकाम करणाऱ्या पोरांच्या हातोड्या टिकटिक वाजत होत्या, बारीक, सतत. मास्तर त्यांच्या दारावरून तसेच पुढं गेले. तिनं हाक मारली नाही.